यंत्र आहे, पण ड्रायव्हर नाही!

शहापूरहून किन्हवलीला किंवा मुरबाडहून धसईला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही अनेकदा बसला असाल. आपण कंडक्टरला फक्त गावाचे नाव सांगतो. कंडक्टर तिकीट देतो आणि दोरी ओढून दोनदा घंटी वाजवतो. गाडी सुटते. थांबा आला की एकदाच घंटी वाजते आणि गाडी थांबते. क्लच केव्हा दाबायचा, घाटात गिअर कितवा हवा, हे प्रवाशाला ठाऊक नसते आणि कंडक्टरलाही ठाऊक असण्याची गरज नसते. ते काम ड्रायव्हरचे.

आता अशी कल्पना करा की, गाडी नवी कोरी आहे, डिझेल भरलेले आहे, प्रवासी बसलेले आहेत, कंडक्टर घंटीवर घंटी देत आहे. पण ड्रायव्हरच्या जागी कोणी नाही. किंवा ड्रायव्हर आहे, पण त्याच्या गावी दोन घंट्या म्हणजे 'थांबा' असा संकेत आहे. गाडीत काहीही बिघाड नसताना ती जागची हलणार नाही.

संगणकाच्या बाबतीत हा प्रकार वारंवार घडतो. शाळेत नवा प्रिंटर येतो. वायर जोडली जाते, दिवा लागतो, पण कागद काही बाहेर येत नाही. पडद्यावर पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसते आणि खाली 'अनोळखी यंत्र' असा शेरा येतो. शिक्षक म्हणतात, "याचा ड्रायव्हर मिळत नाही." हा ड्रायव्हर म्हणजे काय, तो का लागतो, आणि कित्येकदा तो का मिळत नाही, ते या लेखात पाहू.

यंत्राला कळतात ते आकडेच

संगणकाला जोडलेल्या कोणत्याही यंत्राकडे वायरीतून शेवटी विजेचे स्पंद जातात. स्पंद आहे किंवा नाही, म्हणजे १ किंवा ०. असे आठ मिळून एक बाइट होतो आणि त्याची किंमत ० ते २५५ यांपैकी काहीही असू शकते. कोणत्या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा, हे यंत्र बनविणारा ठरवतो. एस.टी.च्या घंटीप्रमाणेच हा एक संकेत आहे.

उदाहरण म्हणून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊ. बँकेत पासबुकावर करकर आवाज करीत नोंदी छापणारे यंत्र तुम्ही पाहिले असेल. ते याच जातीचे. त्याच्या डोक्यात बारीक सुया एकाखाली एक उभ्या बसविलेल्या असतात. सुई शाईच्या फितीवर आपटली की कागदावर ठिपका उमटतो. एप्सन या जपानी कंपनीने १९८० च्या सुमारास अशा प्रिंटरसाठी जी संकेतभाषा रूढ केली, ती पुढे इतर अनेक कंपन्यांनीही उचलली. या भाषेत २७ हा आकडा म्हणजे 'सावधान, पुढे येते ते अक्षर नव्हे, आज्ञा आहे' अशी सूचना. २७ नंतर ६९ पाठविला तर अक्षरे ठळक छापली जातात. २७ नंतर ७० पाठविला तर ठळकपणा बंद होतो.

या प्रिंटरच्या पोटात रोमन अक्षरांचे आकार आधीच साठविलेले असत. देवनागरीचे नसत. मग मराठी कशी छापायची? ती चित्र म्हणून, ठिपक्याठिपक्याने. त्यासाठी २७ आणि ७५ ही आज्ञा असे. तिच्यामागून किती उभे स्तंभ छापायचे तो आकडा दोन बाइटांत द्यायचा आणि मग प्रत्येक स्तंभासाठी एक बाइट पाठवायचा. आठ सुयांना वरून खाली १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती दिलेल्या असतात. ज्या सुया आपटायच्या त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या स्तंभाचा बाइट.

आता पाहा गंमत. शिरोरेषा म्हणजे फक्त सर्वांत वरची सुई. तिचा आकडा १२८. काना म्हणजे सर्व सुया एकदम, आकडा २५५. म्हणून शिरोरेषेसह एक काना छापायचा असेल तर प्रिंटरला पुढील आकडे जातील :

२७, ७५, ४, ०, १२८, १२८, २५५, १२८

पहिले दोन आकडे म्हणजे आज्ञा, पुढील दोन म्हणजे 'चार स्तंभ', आणि उरलेले चार म्हणजे प्रत्यक्ष काना! मराठीतील एक पानभर मजकूर अशा हजारो आकड्यांचा होतो. हे आकडे कोण तयार करते? आपण तर कळफलकावर फक्त अक्षरे टंकलिहितो. ते तयार करणारी जी आज्ञावली, तीच त्या यंत्राची चालक-आज्ञावली, म्हणजेच ड्रायव्हर.

समजा, या प्रिंटरला भलत्याच प्रिंटरचा ड्रायव्हर दिला. तो २७ आणि ७५ ऐवजी काही वेगळीच आज्ञा पाठवील. प्रिंटरला ती कळणार नाही. मग पुढचे आकडे तो चित्र न समजता अक्षरेच समजेल आणि पानेच्या पाने विचित्र चिन्हांनी भरून टाकील. असा कागद पाहिला की लोक म्हणतात, प्रिंटर बिघडला. वास्तविक तो बिघडलेला नसतो; तो परक्या भाषेतील हुकूम प्रामाणिकपणे पाळत असतो.

मधला दुभाषी

संगणकात अनेक आज्ञावल्या असतात : लेखनाची वेगळी, चित्रांची वेगळी, हिशेबाची वेगळी. जगात प्रिंटरही हजारो प्रकारचे. प्रत्येक आज्ञावलीला प्रत्येक प्रिंटरची भाषा शिकवायची म्हटली तर काय होईल? १०० आज्ञावल्या आणि १,००० यंत्रे धरली तर १,००,००० जोड्या होतील. हे अशक्य आहे.

म्हणून मध्ये एक कारभारी नेमलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यकारी प्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिची नावे तुम्ही ऐकली असतील. लेखनाची आज्ञावली कारभाऱ्याला एवढेच सांगते, "हे पान छाप." कारभारी ते त्या यंत्राच्या ड्रायव्हरकडे सोपवतो, आणि ड्रायव्हर त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. आता १०० आज्ञावल्यांनी फक्त कारभाऱ्याची भाषा शिकायची आणि १,००० यंत्रांसाठी १,००० ड्रायव्हर लिहायचे. एक लाखाचे काम अकराशेवर आले.

पण कारभाऱ्याला कसे कळावे की आत्ता जोडलेले यंत्र कोणते? पूर्वी हे माणसानेच सांगावे लागे. १९९६ मध्ये यू.एस.बी. ही जोडणी आली. ती घडविणाऱ्या इंटेल कंपनीतील गटाचे प्रमुख होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते. या पद्धतीत प्रत्येक यंत्राला दोन क्रमांक दिलेले असतात. एक निर्मात्याचा आणि दुसरा त्या वस्तूचा. प्रत्येक क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ निर्माते आणि प्रत्येकाच्या ६५,५३६ वस्तू ओळखता येतील. वायर जोडताच संगणक विचारतो, "तू कोण?" यंत्र हे दोन क्रमांक सांगते. मग कारभारी आपल्या यादीत त्या क्रमांकांचा ड्रायव्हर शोधतो. सापडला तर ठीक. न सापडला तर पिवळे उद्गारचिन्ह.

हे क्रमांक सोळाच्या पायावर लिहितात. त्यात ० ते ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे १० ते १५ साठी वापरतात. शाळांच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमध्ये, ज्यांची योजना २०१६ मध्ये सुरू झाली, आर्डुइनो नावाचे छोटे फलक असतात. त्यांच्या स्वस्त प्रतिकृतींवर बहुधा सी.एच. ३४० ही चिप असते. तिचा निर्माता-क्रमांक १ए८६ आणि वस्तू-क्रमांक ७५२३. यातील पहिल्याचे दशमान रूप असे :

१ × ४०९६ + १० × २५६ + ८ × १६ + ६ = ६७९०

फलक जोडला तरी संगणकाला तो दिसत नाही, ही तक्रार अनेक विद्यार्थ्यांची असते. तिचे मूळ पुष्कळदा एवढेच असते की, ६७९० क्रमांकाच्या या पाहुण्याची ओळख संगणकाच्या यादीत नसते. पाहुणा दारात उभा असतो, पण घरच्यांना त्याचे नाव माहीत नसते.

मग अडते कोठे?

हे सर्व इतके सुरळीत असेल तर तक्रार का उद्भवते? त्याची कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण पत्त्यांचे. संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक बाइटला पत्ता असतो. ३२ बिटांच्या संगणकात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. ही झाली ४ गिगाबाइट स्मृती. पुढे ती अपुरी पडू लागली, म्हणून ६४ बिटांचे संगणक आले. शहापूरचा पिनकोड ४२१६०१ आणि मुरबाडचा ४२१४०१. समजा, एखाद्या कारकुनाजवळच्या छापील अर्जावर पिनकोडसाठी चारच चौकोन आहेत. तो ४२१६ लिहील आणि शेवटचे दोन अंक गाळील. मग पत्र नेमक्या टपाल कार्यालयात पोचणार कसे? ३२ बिटांच्या जुन्या ड्रायव्हरची नव्या संगणकात हीच गत होते. लेखनाच्या किंवा हिशेबाच्या जुन्या आज्ञावल्या नव्या प्रणालीत चालू शकतात, कारण त्यांच्यासाठी वेगळी खोली करून देता येते. ड्रायव्हर मात्र प्रणालीच्या गाभ्यात, तिच्याच स्मृतीत वावरतो. तेथे सर्वांचे पत्ते एकाच मापाचे असावे लागतात. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. निर्मात्याने नवा लिहून दिला तरच यंत्र उपयोगी, नाहीतर ते कपाटात.

दुसरे कारण स्वस्ताईचे. पूर्वीच्या महाग प्रिंटरमध्ये स्वतःची बुद्धी असे. त्याला अक्षर सांगितले की तो ठिपके स्वतः मांडी. स्वस्त प्रिंटरमध्ये हे काम संगणकावर टाकले जाते. ते किती मोठे आहे याचा हिशेब करू. ए-४ आकाराच्या कागदावर दर इंचाला ६०० ठिपके धरले तर आडवे ४,९६१ आणि उभे ७,०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. भागिले ८ केले की सुमारे ४३ लाख ५० हजार बाइट. त्याच पानावरील २,००० देवनागरी अक्षरचिन्हे, प्रत्येकी तीन बाइटांनी, अवघ्या ६,००० बाइटांत मावतात! एवढा मोठा ठिपक्यांचा ढीग आवळून पाठविण्यासाठी कंपन्या आपापली खाजगी संकेतभाषा बनवतात. भारतातील असंख्य कार्यालयांत दिसणारा कॅननचा एल.बी.पी. २९०० हा लेसर प्रिंटर घ्या. तो 'कॅप्ट' नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. अशा प्रिंटरचा ड्रायव्हर नसेल तर तो साधे 'अ' देखील छापू शकत नाही, कारण 'अ' कसा असतो हे त्याला मुळी माहीतच नसते.

तिसरे कारण असे की, बाहेरचे नाव तेच राहते आणि आतील चिप बदलते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या वाय-फायच्या यंत्रांत पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत निराळ्या कंपन्यांच्या चिपा असू शकतात. डब्यावरचे नाव पाहून ड्रायव्हर आणला तर तो लागू पडत नाही. म्हणून नाव पाहू नये, क्रमांक पाहावा.

चौथे कारण व्यवहाराचे. यंत्र विकून झाले की त्याचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे सुधारत बसण्यात कंपनीला काही मिळत नाही. आमच्या महाविद्यालयातील भौतिकीच्या प्रयोगशाळेत तापमान मोजून संगणकाकडे पाठविणारी एक पेटी होती. गरम पाणी कसे निवत जाते याचा आलेख तिच्यावर सुरेख मिळे. संगणक बदलून ६४ बिटांचे झाले आणि पेटी मुकी झाली. विक्रेत्याने कळविले, "जुन्या नमुन्यासाठी नवा ड्रायव्हर नाही, नवा नमुना घ्यावा." तापमापक शाबूत, वायर शाबूत, पेटी शाबूत, नव्हते ते फक्त संकेतांचे पुस्तक.

तेव्हा दोन विद्यार्थ्यांनी पेटीचे क्रमांक पाहिले. ते पेटीच्या कंपनीचे नव्हतेच. आत बसविलेल्या एका सर्वसाधारण चिपचे होते. त्या चिपचा ६४ बिटांचा ड्रायव्हर तिच्या निर्मात्याकडे सहज मिळाला. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने त्यांनी पेटीकडून येणारे बाइट वाचले. एका अक्षरास सर्व मिळून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. पडद्यावर साधे आकडे उमटू लागले : ७१.५, ७१.३, ७१.२. पेटी गुप्त भाषेत बोलत नव्हती; ती साध्या अक्षरांत तापमान सांगत होती, ऐकणारा तेवढा नव्हता. आलेख पुन्हा सुरू झाला. प्रत्येक वेळी इतके सोपे निघते असे नाही, पण पाहिल्याशिवाय यंत्र भंगारात घालू नये.

दूरच्या गावाची अडचण

मोठ्या शहरात ड्रायव्हर नसेल तर तो इंटरनेटवरून उतरवून घेतात. ग्रामीण भागात ही वाट कशी होती ते आकड्यांनी पाहू. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या काळात सेकंदाला सुमारे ४० किलोबिट मिळाले तरी पुष्कळ. प्रिंटरसोबतचा संच बहुधा २०० मेगाबाइटचा. २०० मेगाबाइट म्हणजे १६,००,००० किलोबिट. भागिले ४० केले तर ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून जास्त. त्यात मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून! गमतीची, खरे तर चिडीची, गोष्ट अशी की, या संचातील प्रत्यक्ष ड्रायव्हर कधीकधी २ मेगाबाइटचाच असतो. तेवढाच मिळाला असता तर सात मिनिटांत काम झाले असते. बाकीचा भार जाहिराती आणि छायाचित्रे सजविण्याच्या आज्ञावल्यांचा असतो.

दुसरी एक अडचण विहिरीत पडलेल्या पोहऱ्यासारखी. पोहरा काढायला दोर हवा आणि दोर तर पोहऱ्यालाच बांधलेला. इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्राचाच ड्रायव्हर नसेल तर तो मिळवायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटला तो ड्रायव्हर हवा. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून तो पेन ड्राइव्हवर आणण्यावाचून गत्यंतर नसते.

ही केवळ गैरसोय नव्हे. 'आपले सरकार सेवा केंद्रा'त बोटांचे ठसे घेणारे छोटे यंत्र तुम्ही पाहिले असेल. ते चालण्यास त्याचा ड्रायव्हर तर लागतोच. शिवाय ठसा कूटबद्ध करून त्यावर सही करणारी एक नोंदणीकृत सेवाही संगणकात चालू असावी लागते. प्रणाली आपोआप अद्ययावत झाली आणि दोहोंपैकी एकाचे जमेनासे झाले की, यंत्राचा दिवा लागतो पण ठसा उमटत नाही. माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून दाखल्यासाठी आलेली बाई दिवसाची मजुरी बुडवून परत जाते. तिला सांगण्यात येते, "तुमचे बोट घेत नाही." दोष बोटाचा नसतो आणि बाईचाही नसतो.

याच्या उलट उदाहरणही याच भागातील आहे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा संदीप गुंड या शिक्षकांच्या प्रयत्नांमुळे डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रभर ओळखली गेली आणि पुढे अनेक शाळांनी फळ्याऐवजी स्पर्शाने चालणारे पडदे लावले. असे अनेक पडदे जोडले की लगेच का चालतात? कारण ते संगणकाला "मी अमुक कंपनीचा अमुक पडदा" एवढेच न सांगता "मी माउसच्या जातीचा आहे" असेही सांगतात. यू.एस.बी.मध्ये यंत्रांच्या जाती ठरवून दिल्या आहेत : कळफलक आणि माउस यांची जात ३, प्रिंटरची ७, पेन ड्राइव्हची ८. जातीचे नियम जे यंत्र पूर्णपणे पाळते, त्याला स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. प्रणालीत असलेला सामाईक ड्रायव्हर पुरतो. म्हणूनच कोणत्याही कंपनीचा पेन ड्राइव्ह कोणत्याही संगणकात चालतो.

गुपित कोणाच्या मालकीचे?

विद्यार्थी विचारतील, कंपनीने ड्रायव्हर दिला नाही तर दुसऱ्या कोणी का लिहू नये? लिहिता येतो, परंतु यंत्राची संकेतभाषा माहीत असली पाहिजे. ती कंपन्या अनेकदा गुप्त ठेवतात.

या गुपितावरून एक मोठी चळवळ उभी राहिली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर मिळाला. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तेथील तरुण संगणकतज्ज्ञाने आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून, कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मात्र त्याला मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने कंपनीशी गुप्ततेचा करार केल्याचे सांगून नकार दिला. प्रिंटर आपला, कागद आपला, वेळ आपला वाया जातो, तरी दुरुस्ती आपण करायची नाही, हे स्टॉलमनला पटले नाही. १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला : ज्यांचा मूळ मजकूर सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा आज्ञावल्यांचा. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला आणि दोहोंचा संगम झाला. आज लिनक्सच्या गाभ्याच्या मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. त्यांतील कित्येक जगभरच्या स्वयंसेवकांनी, वायरीतून जाणारे आकडे तासन्‌तास निरखून, गुपित उलगडून लिहिलेले आहेत. कॅप्ट भाषेचे कोडेही असेच पुष्कळसे सोडविले गेले.

दुसरी गोष्ट २०१४ सालची. एफ.टी.डी.आय. ही स्कॉटलंडमधील कंपनी यू.एस.बी.ची एक लोकप्रिय चिप बनवते. तिच्या नकली चिपा बाजारात फार झाल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजबरोबर आपोआप लोकांच्या संगणकांत आला. तो नकली चिपेचा वस्तू-क्रमांक पुसून तेथे ० लिहीत असे. त्यानंतर ते यंत्र कोणत्याच संगणकाला ओळखू येत नसे. नक्कल करणे गैरच. परंतु बाजारातून फलक विकत आणणाऱ्या विद्यार्थ्याला आतील चिप खरी की खोटी हे कसे कळणार? शिक्षा झाली ती त्याला. नक्कल करणारा नामानिराळाच राहिला. लोकांनी गहजब केल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

ड्रायव्हरच्या हाती किती अधिकार?

ड्रायव्हर गाभ्यात वावरतो, म्हणून त्याची चूक सर्व संगणकाला भोवते. गाडीतील प्रवासी झोपला तर फक्त त्याचा थांबा चुकतो. ड्रायव्हर झोपला तर सगळी गाडी दरीत जाते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील प्रदर्शनात बिल गेट्‌स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा होऊन संगणक बंद पडला! १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक एकदम कोलमडले आणि भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

म्हणून ड्रायव्हरवर पहारा हवा. एस.टी.च्या ड्रायव्हरला जसा बिल्ला लागतो, तशी ६४ बिटांच्या विंडोजमध्ये २००७ पासून ड्रायव्हरवर अंकीय सही लागते. सही नसेल तर प्रणाली त्याला गाभ्यात घेत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच. पण त्यामुळे एखाद्या जुन्या यंत्रासाठी हौसेने ड्रायव्हर लिहिणाऱ्याची वाट अधिक बिकट झाली, हेही खरे. एकाच उपायाच्या दोन बाजू अशा असतात.

या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात येते. ज्या ठिकाणी सर्वांनी मिळून संकेत ठरवले आणि उघड केले, तेथे तक्रार उरत नाही. मीटर, किलोग्रॅम, सेकंद या मापांनी भौतिकशास्त्रात जे केले तेच येथे. प्रिंटरमध्येही आता असे घडू लागले आहे : नव्या अनेक प्रिंटरना जाळ्यावरून सामाईक भाषेत पान पाठविता येते आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण जुनी यंत्रे पुष्कळ आहेत. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि जुन्या संगणकांचे व त्यांना जोडलेल्या यंत्रांचे काय करायचे हा प्रश्न खेड्यांतील शाळांपुढे उभा आहे. त्यांपैकी बऱ्याच संगणकांवर लिनक्स उत्तम चालते. मात्र शाळेचा प्रिंटर त्यावर चालेल का, हे आधी पाहून मगच बदल करावा.

अडचण आली तर

१. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन त्या यंत्राच्या 'डिटेल्स' या पानावरील निर्माता-क्रमांक आणि वस्तू-क्रमांक वहीत उतरवून घ्या. लिनक्समध्ये 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा दिली की हेच क्रमांक मिळतात.

२. संगणक ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, ते पाहा.

३. ड्रायव्हर यंत्राच्या किंवा चिपच्या निर्मात्याकडूनच घ्या. 'सर्व ड्रायव्हर एका झटक्यात' अशी जाहिरात करणाऱ्या आज्ञावल्या टाळा. गाभ्यात कोणाला घ्यायचे ते विचार करून ठरवा.

४. मिळालेला ड्रायव्हर शाळेच्या पेन ड्राइव्हवर यंत्राच्या नावाने जपून ठेवा.

५. शाळेसाठी नवे यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "पाच वर्षांनी संगणक बदलला तर याचा ड्रायव्हर कोण देणार?"

करून पाहा

(अ) २७, ७५, ५, ०, १२८, २५५, १२८, २५५, १२८ हे आकडे वर सांगितलेल्या प्रिंटरकडे गेले तर कागदावर काय उमटेल? आठ ओळींच्या चौकटीच्या कागदावर ठिपके भरून पाहा.

(आ) ७५२३ या सोळाच्या पायावरील संख्येचे दशमान रूप काढा.

(इ) चौकटीच्या कागदावर आठ ओळींत आपल्या नावाचे पहिले अक्षर बसवा आणि त्याचे आकडे लिहा. ते वर्गातील मित्राला द्या आणि त्याला अक्षर ओळखण्यास सांगा. सुयांच्या किमती मात्र त्याला सांगू नका. तो किती वेळ चाचपडतो ते पाहिले की, संकेत गुप्त ठेवल्याने काय होते हे नीट समजेल. मग किमती सांगा!

(उत्तरे : (अ) शिरोरेषेखाली शेजारी शेजारी दोन काने. (आ) २९,९८७.)